दोन कोसांची वंदना

बाबांना वंदना तोंडपाठ होती. फक्त ती दोन कोस लांब होती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बाई म्हातारपणी बरळायला लागली. आमचं गाव बालाघाटहून हट्ट्याकडं जाताना आत, एका तलावाच्या कडेला. बाबा दोन कोसांवरच्या गावात मिडल शाळेत चपराशी होते. रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चालत जायचं. पाळ संपली की आंब्याची झाडं आणि कुंभाराचं घर. मग टेकडी चढायची, पलीकडे उतरताना मोहाची झाडं लागायची, आणि ती संपली की शाळा. शाळेत पोचून घंटा वाजवली की बाबांची नोकरी सुरू होत असे.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. जुनं सोडलं होतं आणि नवं पुरतं हातात आलं नव्हतं. भंतेजी एकच, तेही वर्षातून कधीतरी फिरकायचे. नागपूरकडच्या एका नातेवाइकानं बाबांना निळ्या शाईनं कागदावर त्रिशरण आणि पंचशील लिहून दिलं होतं. बाबांनी तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि शाळेच्या वाटेवर पाठ केला. जाताना वंदना, येताना बिडी, असा त्यांचा नेम होता.

पण झालं असं, की शब्द त्यांच्या डोक्यात बसलेच नाहीत, ते वाटेवर बसले. त्रिशरण पाळीवर. पहिलं शील पाळीच्या वळणावर, दुसरं आंब्यांखाली, तिसरं टेकडीच्या चढावर. पाय पुढे पडला की शब्द पुढे येई, आणि पाय थांबला की सगळं ठप्प. बाबांना स्वतःलाही याचा पत्ता नव्हता, कारण त्यांना बसवून म्हणायला कुणी सांगितलंच नव्हतं. ते आत्यानं सांगितलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याच गावात दिलेली. तिच्या मुलीचं, आमच्या ताईचं, साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मुलगा उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला, पण घरचे लोक गोंदियाचे. त्यात नवरदेवाचा काका फार पुढारलेला. खिशाला पेन, बोलण्यात नागपूर. साक्षगंधाच्या जेवणात त्यानं हात धुता धुता विचारलं, ‘लग्न नव्या विधीनं लावाचं हाये. तुमच्या भागात वंदना येते का कोनाले? नाही तर आमी आमचा मानूस आनतो. मंग तुमाले काही त्रास नाही.’

आत्याचा स्वभाव असा, की कुणी ‘त्रास नाही’ म्हटलं की तिला त्रास होई.

‘मानूस काहून आनता, काकाजी? माया भाऊ घेते ना वंदना. रोज म्हनते थो.’

बाबा तिथंच पंगतीत बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, ‘बाई, मले इचारलं तरी काय?’

‘इचारून काय होते? तू नाही म्हनला असता.’

‘हौ, म्हनलो असतो!’

‘म्हनूनच नाही इचारलं.’

लग्न बुद्धपौर्णिमेला धरलं होतं. त्याला महिना उरला तेव्हा आत्या आमच्या घरी आली, बाबांना खाटेवर बसवलं, समोर स्वतः बसली आणि म्हणाली, ‘म्हन.’ बाबांनी डोळे मिटले, हात जोडले, घसा साफ केला. पुन्हा घसा साफ केला. मग डोळे उघडून छताकडं पाहिलं. माय चुलीपाशी होती, तिनं लाकूड सारायचं थांबवलं. बराच वेळ झाला तेव्हा बाबा म्हणाले, ‘खाट कुरकुर करून राह्यली, त्याच्यानं होत नाही.’ नाचता येईना अंगण वाकडं! आत्यानं त्यांना खाटेवरून उठवून जमिनीवर बसवलं, मग दारात बसवलं, मग भिंतीकडं तोंड करून बसवलं. शेवटी ती कपाळावर हात मारून म्हणाली, ‘मी गोंदियाच्या मानसाईसमोर नाक वर करून आली. आता थेच नाक कापून घेते वाटते तू.’ आणि रडायला लागली. आत्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला तेव्हा खरी भीती वाटली.

बाबा कागद घेऊन बाहेर पडले. मी मागे गेले. पाळीवर चढता चढता त्यांच्या तोंडून त्रिशरण सुरू झालं. स्वच्छ, न अडखळता. ते थांबले, गप्प झाले. चालले, सुरू झाले. दोन-तीनदा असं करून पाहिलं. मग माझ्याकडं वळून इतक्या आनंदानं म्हणाले, ‘पोरी, सापडली! इथं हाये!’ मला वाटलं, खिशातलं काहीतरी पडलेलं सापडलं.

त्या उन्हाळ्यात शाळा बंद होती, तरी आम्ही दोघं रोज शाळेत जात होतो. सकाळची पेज प्यायची, डोक्याला पंचा बांधायचा, निघायचं. मी नऊ-दहा वर्षांची. माझ्याकडं कागद, चुकलं तर सांगायचं. तलाव अर्धा आटलेला, मधल्या चिखलात म्हशी, कडेला बगळे. बाबा पुढे, वंदना त्यांच्या तोंडात, मी मागे. आंब्यांखाली पाडाच्या कैऱ्या पडलेल्या असत. न दिलेलं घेणार नाही, असं ज्या शिलात म्हणतात ते नेमकं तिथंच यायचं, आणि माझ्या फ्रॉकच्या ओच्यात तोवर चार कैऱ्या आलेल्या असायच्या. बाबा डोळे वटारायचे, पण बोलता येत नसे, तोंडात शील होतं. घरी जाऊन त्याच कैऱ्यांच्या पन्ह्याचे दोन पेले तेच प्यायचे.

पुढं कुंभाराचं घर. कुंभाराचं एक तांबडं कुत्रं होतं, त्याला बाबा मान्य नव्हते. इतकी वर्षं रोज जाणारा माणूस, पण ते रोज नव्यानं भुंकत अंगावर यायचं. बाबा चाल न मोडता, सूरही न मोडता ‘हाड!’ म्हणायचे आणि पुढच्या शिलाला लागायचे. दुसरं शील, हाड, तिसरं शील, असा तो क्रम पक्का झाला होता. एकदा कुत्रं घरी नव्हतं. बाबा आले, थांबले, इकडंतिकडं पाहिलं. तिसरं शील काही येईना. मग मीच भुंकले. बाबांनी मला ‘हाड’ म्हटलं आणि चढ चढायला लागले.

परत येताना मात्र काही म्हणता येत नसे. वाट उलटी म्हणून शब्दही उलटे यायचे. त्यामुळं आत्याला घरी ऐकवायचा प्रश्न तसाच राहिला. ती रोज संध्याकाळी विचारी, ‘झाली का पाठ?’ आम्ही दोघं ‘हौ’ म्हणायचो. त्यातही खोटं न बोलण्याचं शील मोडतच होतं. आणि कागदाचं तर भलतंच झालं. महिनाभर घामेजल्या हातात राहून त्याची शाई उतरली, आणि लग्नाच्या आठवडाभर आधी मी पाहिलं तर नुसतं निळं फडकं उरलं होतं. मी ते बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘आत्याले सांगू नको.’

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनीच आत्याला खरं सांगितलं. ‘बाई, पाय चालले का तोंड चालते. पाय थांबले का तोंडाले कुलूप.’ आत्या ओरडली नाही. ती विचार करत बसली. मग तिनं मांडवात एका कोपऱ्यात पाण्याची घागर ठेवली, तो तलाव. मुरमाचा ढीग केला, ती टेकडी. मोहाची एक फांदी रोवली. कुत्र्याच्या जागी मला बसवलं. बाबा घागरीपासून फांदीपर्यंत चार पावलं चालले, मी भुंकले, आणि त्यांना हसू फुटलं. मग मायलाही फुटलं. आत्यानं ढीग लाथेनं उडवला आणि म्हणाली, ‘उद्या काय व्हायचं थे होईल. पन पोरीचं लगन हाये, येवढं ध्यानात ठेव.’

पौर्णिमा उजाडली. गोंदियाची मंडळी बैलगाड्यांतून आली. मुहूर्त बघायचा नव्हता, त्यामुळं सकाळचं लग्न सरकत सरकत दहाच्या पुढं गेलं. मांडवात टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धाची तसबीर, समोर बालाघाटहून आणलेल्या मेणबत्त्या. पण मे महिन्यातला बालाघाट तो. पेटवायच्या आधीच मेणबत्त्यांनी माना टाकल्या होत्या. ताई पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात. सगळ्यांनी चपला-जोडे मांडवाबाहेर काढले. आत्यानं आमच्या लोकांना आधीच बजावलं होतं, ‘माया भाऊ जे जे म्हनन, थे थे मांगून म्हना. एक अक्षर सोडू नका.’

बाबा टेबलासमोर उभे राहिले. हात जोडले. घसा साफ केला.

घसा पुन्हा साफ झाला. काकानं खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं आणि शेजाऱ्याकडं पाहून हसला. ताईनं मान खाली घातली होती, तिचे कान लाल झाले होते. आत्या तर माझ्या दंडाला इतकी घट्ट धरून उभी होती, की पुढं दोन दिवस तिथं वळ होता. बाबांच्या कपाळावरून घाम गळत होता. मला एवढंच कळत होतं, की आता काही झालं नाही तर ताईच्या सासरी जन्मभर हाच किस्सा चालणार.

मी आत्याचा हात सोडवला, बाबांपाशी गेले आणि त्यांचा सदरा ओढला. ‘बाबा, पाळ.’

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग वळले, आणि जोडलेल्या हातांनी मांडवाबाहेर चालू लागले. तिसऱ्या पावलाला त्रिशरण सुरू झालं.

मग आत्यानं टेबलावरची तसबीर दोन्ही हातांनी उचलली. ‘ज्याच्या समोर म्हनाचं थोच इथं राह्यला तर?’ असं म्हणून ती बाबांच्या मागं निघाली. मायनं वाकलेल्या मेणबत्त्या घेतल्या. ताई आणि नवरदेव तिच्या मागं. आमचे लोक त्यांच्या मागं, ओळ ओळ म्हणत. गोंदियाची मंडळी काकाकडं बघायला लागली. आता गंमत अशी, की नव्या विधीनं लागलेलं लग्न तोवर काकानंही कधी पाहिलेलं नव्हतं. ते त्यानं म्हातारपणी स्वतःच कबूल केलं. पण पेनवाला माणूस ‘मले माहीत नाही’ कसं म्हणेल? तो उठला, धोतर सावरलं आणि आपल्या लोकांना म्हणाला, ‘चाला, चाला. आमच्याकडं बी असंच चालूनच करतात.’

अशी सगळी वरात पाळीवर आली, आणि तिथं सगळ्यांच्या लक्षात आलं, की चपला मांडवाबाहेरच राहिल्या. पाळीवर वडाची सावली होती तोवर ठीक चाललं. पुढं उन्हात मुरूम असा तापलेला, की पाय टेकवत नव्हता. पण वंदना सोडून परत कोण जाणार? गोंदियाचे लोक बालाघाटवाल्यांसमोर कच खाणार नव्हते, आणि आम्ही त्यांच्यासमोर खाणार नव्हतो. मग एक रीत आपोआप पडली. ओळ सावलीत चालता चालता म्हणायची आणि उन्हातून पुढच्या सावलीपर्यंत पळायचं. बाबांनाही पळावं लागलं, त्यामुळं वंदनाही पळाली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात, पण त्या दिवशी मागचा एकही शहाणा निघाला नाही. म्हशी चिखलातून माना वर करून बघत होत्या.

आंब्यांखाली दुसरं शील झालं. कुंभाराच्या दारातून तांबडं कुत्रं धावत आलं आणि साठ-सत्तर माणसं बघून जागीच थबकलं. बाबा म्हणाले, ‘हाड!’

आत्याची ताकीद होती. आमचा सगळा गाव हात जोडून एका सुरात म्हणाला, ‘हाड!’ गोंदियावाले मागं कसे राहतील? त्यांनीही म्हटलं. काका तर डोळे मिटून म्हणाला. कुत्रं शेपूट घालून घरात गेलं, आणि त्यानंतर ते बाबांवर कधी भुंकलं नाही.

चढावर तिसरं शील दमानं तुटत तुटत झालं. नवरदेव खाणीतला, त्याला चढाचं काही नव्हतं. ताईचा पाय मुरमावरून घसरला तसा त्यानं तिचा हात धरला. लग्न अजून अर्धंच लागलं होतं, पण कुणी हरकत घेतली नाही, कारण बोलायला श्वास उरला नव्हता. ताईनंही हात सोडवला नाही. साडीचा खालचा काठ गेरूसारखा लाल झाला होता आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती. मी एवढी हसलेली नवरी पुन्हा पाहिली नाही.

मोहाच्या झाडांखाली पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं. तिथल्या नाल्यात कुणाची तरी भट्टी असायची हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी वासही येत होता. सगळ्यांनी शील खणखणीत म्हटलं. पुढं शाळेत पोचल्यावर मोजलं तर गोंदियाची दोन माणसं कमी. ती संध्याकाळी आली, फार खुशीत.

शाळेच्या फाटकाशी शेवटचा शब्द आला. एकही अक्षर चुकलं नव्हतं. बाबांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली काढून कुलूप उघडलं, आणि हात सवयीनं वर गेला. त्यांनी घंटा वाजवली. चांगली खणखणीत, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वाजवतात तशी. गावातली पोरं घाबरून पळाली, आणि हेडमास्तर बनियनवर धावत आले. ‘अरे भाई, स्कूल तो बंद है! ये बारात किसकी है?’

बाबा म्हणाले, ‘साहब, शादी लग गयी. थोड़ा पानी चाहिए.’

सातवीच्या वर्गात तागाच्या टाटपट्टीवर गोंदियाची मंडळी तळपाय धरून बसली. काका फळ्याखाली. ताई आणि नवरदेवानं तिथंच एकमेकांना हार घातले, उन्हानं सुकलेले. वरातीमागून घोडं म्हणतात, आमच्याकडं वरातीमागून भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, आला. माय तेवढी वाटेतूनच मागं फिरली होती आणि बैलगाडी घेऊन आली होती. त्याच गाडीत सगळ्यांच्या चपला एका ढिगात होत्या, आणि त्या जुळवण्यात जेवणापेक्षा जास्त वेळ गेला.

जेवताना काका बाबांना म्हणाला, ‘वंदना बाकी शुद्ध म्हटली तुमी. पन आमच्याकडं येवढी लंबी नसते.’ आत्या वाढत होती. तिनं त्याच्या पानात भाताचा एक डोंगर केला आणि म्हणाली, ‘आमच्याकडं असते, काकाजी.’

पुढं आमच्या गावात लग्न लागलं की नवरानवरीला निदान पाळीपर्यंत तरी चालवायची रीतच पडून गेली. चपला घालून. का चालायचं, हे नव्या पोरांना ठाऊक नसे. बाबांना विचारलं तर ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, ‘बालाघाटाकडची पद्धत हाये.’

बाबा गेले ते उन्हाळ्यातच. तोवर मी म्हातारपणाला टेकले होते, आणि बाबा इतके थकले होते की शेवटची दोन वर्षं खाटेवरच होते. चालणं थांबलं तशी त्यांची वंदनाही थांबली होती. ते गेले त्या दिवशी मी रडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुण्यानुमोदनाला बालाघाटहून एक तरुण भंतेजी आले. खुर्ची, माइक, सगळं व्यवस्थित. आम्ही सगळे सतरंजीवर बसलो. त्रिशरण झालं, पहिलं शील झालं, दुसरं झालं. भंतेजींनी श्वास घ्यायला थोडा वेळ घेतला.

बायकांच्या बाजूनं, केस पांढरे झालेल्या ताईनं हात जोडलेले ठेवूनच हळूच म्हटलं, ‘हाड.’

मागून दोन-चार म्हाताऱ्या आवाजांनी म्हटलं, ‘हाड.’

भंतेजींनी दचकून दाराकडं पाहिलं, कुत्रं शिरलं की काय म्हणून. मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं, आणि ते थांबेना. भंतेजींनी तिसरं शील सुरू केलं. सगळे म्हणत होते. मला ते आठवेना. बसून मलाही ते कधी आलं नव्हतं. मी उठले आणि चपला न घालता पाळीकडं चालू लागले. मागून ताईच्या पैंजणांचा आवाज येत होता.